बहिणीला क्रिमिनॉलॉजीत एमए करायचंय, ६ लाखाचं कर्ज काढू का? (सोलापूर)

टॉवेल_अशोकचौक

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहालोय, पण महिनाअखेर बँकेत सही करायची आहे आणि काय करावं ते कळंना झालंय.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात सुपरवायझर आहे, पगार २४,०००. वडील अजून दुसऱ्याच्या लूमवर जातात, त्यांचे ११,००० धरा. धाकटी बहीण बीए सायकॉलॉजी, शेवटचं वर्ष झालं, रिझल्ट यायचाय, आतापर्यंत फर्स्ट क्लास आहे. तिला क्रिमिनॉलॉजीत, म्हणजे गुन्हेशास्त्रात, एमए करायचंय. हे टीव्ही बघून आलेलं खूळ नाही, आधीच सांगतो. आमच्या गल्लीतला एक १६ वर्षांचा पोरगा मोबाईल चोरीत सापडला, त्याची आई विडी वळते, तिला लिहिता वाचता येत नाही, तर माझी बहीण तिच्यासोबत बाल न्याय मंडळात तीन वेळा गेली. तिथनं आल्यापासून तिचं हेच चालू आहे की दादा, पोरगा चोरी का करतो हे कुणी विचारतच नाही, मला ते शिकायचंय.

आता एका खाजगी विद्यापीठात (नाव घेत नाही) सीट मिळालीय. फी वर्षाला १,७५,०००, हॉस्टेल मेस १,००,०००, म्हणजे दोन वर्षांचे साडेपाच लाख, वर लॅपटॉप, येणंजाणं, परीक्षा फी धरून ६ लाख. त्यांच्या माहितीपत्रकात करिअरच्या पानावर सीबीआय, रॉ, क्रिमिनल प्रोफायलर, फॉरेन्सिक तज्ज्ञ, गुन्हे विश्लेषक असं सगळं लिहिलंय, बाजूला भिंग घेतलेल्या पोरीचा फोटो. पगार किती विचारलं तर तिथल्या मॅडम म्हणाल्या 'स्काय इज द लिमिट'. मला आकडा पाहिजे होता.

बँक म्हणती तारण नको, साडेसात लाखापर्यंत असंच देतो, फक्त सहकर्जदार म्हणून तुमची सही पाहिजे. तर मला एवढंच सांगा की हे शिकून ती नेमकी कुठल्या खुर्चीवर बसणार आणि पहिल्या महिन्याला हातात किती येणार. तिला नाही म्हणायचं माझ्या मनात नाही, पण डोळे झाकून सही करायची नाही.

रेणू_होटगीरोड

दादा, तुमची पोस्ट वाचून लगेच लिहायला बसले, कारण मी हेच केलंय. २०१९ ला एमए क्रिमिनॉलॉजी, खाजगी विद्यापीठ, पाच लाख कर्ज, सहकर्जदार माझे वडील.

आधी हिशेब सांगते. ६ लाख, दर १०% धरला. पहिल्या वर्षी ३ लाख, दुसऱ्या वर्षी ३ लाख असे बँक देते. कोर्सची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं, हे कुणी नीट सांगत नाही. पहिल्या ३ लाखावर तीन वर्षांचं ९०,०००, दुसऱ्या ३ लाखावर दोन वर्षांचं ६०,०००. म्हणजे हप्ता सुरू होताना कर्ज साडेसात लाखाचं झालेलं असतं. ते सात वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण १२,४५०. सगळं मिळून बँकेत जाणार साडेदहा लाखाच्या आसपास. आणि या दोन वर्षांत ती कुठे १२,००० च्या नोकरीला लागली असती तर ते २,८८,००० पण यातच धरा, ते पण घरात यायचे होते ते आले नाहीत.

आता खुर्ची. मी आधी पुण्यात एका कंपनीत बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करायचे, म्हणजे नोकरीला लागणाऱ्या माणसाचा पत्ता, मार्कशीट, जुनी कंपनी खरी आहे का ते फोनवरून तपासायचं. कॉलेजच्या प्लेसमेंटला आलेली ती एकच कंपनी होती. माझ्या शेजारच्या टेबलवर बीकॉम झालेला मुलगा, तेच काम, तोच पगार. दोन वर्षं रोज वाटायचं की मग मी पाच लाख कशाचे भरले.

२०२३ ला जिल्हा बाल संरक्षण कक्षात कंत्राटी लागले, समाजसेवक पदावर, मानधन १८,५३६. मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेचे ठरलेले आकडे आहेत, समाजसेवक आणि समुपदेशक १८,५३६, संरक्षण अधिकारी आणि विधी तथा परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी २७,८०४, जिल्हा बाल संरक्षण अधिकारी ४४,०२३. तुमच्या बहिणीला जे काम करायचंय ते नेमकं याच ऑफिसात आहे. १८,५३६ मधनं १२,४५० गेले की उरतात सहा हजार. त्यात खोलीभाडं, एसटी, जेवण बसवून बघा.

पण काम कसं आहे ते पण सांगते, नाहीतर माझी पोस्ट अर्धवट होईल. मुलगा मंडळासमोर पहिल्यांदा उभा केल्यापासून १५ दिवसांत त्याचा सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. मी परिविक्षा अधिकाऱ्यांसोबत घरी जायचे. एका घरात पत्र्याची खोली, आत पाच माणसं, आणि पोराच्या शाळेचं दप्तर खिळ्याला टांगलेलं, त्यावर धूळ. शाळा कधी सुटली विचारलं तर आई म्हणाली सहावीत. मोठ्या भावाला टीबी झाला तेव्हापासून हा कामाला जातो. आता अहवालात 'शाळा सोडली' एवढं एक वाक्य पण चालतं, आणि ते दप्तर, टीबी, सहावी असं सगळं पण लिहिता येतं. मंडळ काय आदेश देणार हे त्या कागदावर बरंच अवलंबून असतं. दोन वर्षं शिकलेलं मला तिथे खरंच उपयोगी पडलं. विषय घेतल्याचा मला एक दिवस पण पस्तावा नाही. कर्जाचा आहे.

खाकी_सातरस्ता

मी पीएसआय आहे, मूळचा बार्शी तालुक्यातला. माहितीपत्रकातल्या पानापुरतं बोलतो.

सीबीआयचा सब इन्स्पेक्टर एसएससीच्या (स्टाफ सिलेक्शन कमिशन) सीजीएल परीक्षेतनं घेतात, पात्रता कुठलीही पदवी, मूळ पगार ४४,९०० पासून. आमचं पीएसआय पद एमपीएससीतून, तिथं पण कुठलीही पदवी, वेतनश्रेणी ३८,६०० ते १,२२,८००, वर महागाई भत्ता घरभाडं वेगळं. कॉन्स्टेबलला बारावी चालते, २१,७०० पासून सुरू. यातल्या एकाही ठिकाणी क्रिमिनॉलॉजी मागत नाहीत. प्रोफायलर नावाच्या पदाची जाहिरात मी आजवर बघितलेली नाही.

आणि पीएसआय झाल्यावर नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत जे ट्रेनिंग असतं तिथं कायदा, गुन्हेशास्त्र, न्यायवैद्यक सगळं शिकवतातच, ते पण पगार चालू असताना. म्हणून ज्याला खाकी पाहिजे त्यानं त्यासाठी ६ लाख भरू नयेत, बीए झालंय तेवढं बास आहे, उंची आणि पळणं बघा. मुलींना पीएसआयला १५७ सेमी उंची लागते. आमच्या गावातली एक पोरगी लेखीला चांगली होती पण उंचीत अर्धा सेमी कमी भरली, तीन वर्षं अभ्यास करून मग कळालं. फॉर्म भरायच्या आधी घरी भिंतीला उभं करून मोजा.

यूपीएससीचं कुणी सांगितलं असेल तर तिथं वैकल्पिक विषयात क्रिमिनॉलॉजी नाही, सायकॉलॉजी आहे, जे तिचं आधीच झालंय.

बाकी तुमची बहीण त्या बाईसोबत मंडळात गेली हे वाचून बरं वाटलं. ठाण्यात असे नातेवाईक येतात, हातात कागद उलटा धरलेला असतो आणि विचारायला पण घाबरतात. सोबत कुणीतरी शिकलेलं असलं की आमचं पण काम सोपं होतं, खोटं नाही सांगत.

रसायन_जुळेसोलापूर

फॉरेन्सिकचं मी सांगतो कारण इथे लोक फार गल्लत करतात, आणि कॉलेजवाले ती गल्लत दुरुस्त करत नाहीत. क्रिमिनॉलॉजी म्हणजे गुन्हा का होतो, गुन्हेगाराचं पुढे काय, तुरुंग, पुनर्वसन, पीडित वगैरे, म्हणजे समाजशास्त्र, मानसशास्त्राच्या बाजूचं. फॉरेन्सिक म्हणजे रक्त, विष, डीएनए, हस्ताक्षर, मोबाईलमधला डेटा. ते सायन्स आहे. बीए करून एमए क्रिमिनॉलॉजी केलेल्या मुलीला रासायनिक विश्लेषकाच्या जागेवर अर्जच करता येत नाही, बीएस्सी पाहिजे, बहुतेक जागांना केमिस्ट्री. माझं एमएस्सी केमिस्ट्री आहे आणि मी याच क्षेत्रात आहे.

मागणी वाढली हे खरंय. सीआरपीसीच्या जागी आलेल्या नवीन बीएनएसएस कायद्याचं कलम १७६(३), १ जुलै २०२४ पासून लागू, सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचंच, व्हिडिओ काढायचा. राज्यांना तयारीला पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणून आता प्रत्येक कॉलेज फॉरेन्सिक आणि क्रिमिनॉलॉजी एका दमात बोलायला लागलंय. मागणी पहिल्याची आहे आणि फी दुसऱ्याची घ्यालेत, हे नीट बघा.

एक दार मात्र तिला उघडं आहे. राज्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळांच्या भरतीत वैज्ञानिक सहायक (मानसशास्त्र) असं पण पद असतं, त्याला सायकॉलॉजीची पदवी चालते. जागा अगदी मोजक्या निघतात, त्यावर घर चालवायचा बेत करू नका, पण जाहिरातीवर लक्ष ठेवा.

टॉवेल_अशोकचौक

रेणूताई, तो साडेसात लाखाचा हिशेब मी रात्री जेवताना वडिलांना वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, भाकरी मोडत बसले. मग म्हणाले, दोन लूम विकले तेव्हा पण व्याजानंच विकले होते.

बहिणीला पण सगळं वाचायला दिलं. ती म्हणाली, दादा, पोलीस व्हायचंच नव्हतं मला, उंची पण १५४ आहे. मला रेणूताईंचं काम करायचंय.

आता प्रश्न बदलतो. १८,५३६ मानधनाचंच काम करायचं असेल, तर तिथं जायचा स्वस्त रस्ता कुठला? आणि त्यापेक्षा वर जायचं असेल तर काय शिकावं? जाहिरातीत एमए क्रिमिनॉलॉजी धरतात का तरी?

अॅड_दत्तचौक

शेवटच्या प्रश्नातच सगळं आहे. विद्यापीठाच्या माहितीपत्रकावरून नोकरी शोधायची नसते, नोकरीच्या जाहिरातीवरून कोर्स शोधायचा असतो. प्रत्येक जाहिरातीत 'शैक्षणिक अर्हता' असा रकाना असतो, तो बघा. बाल संरक्षणाच्या जाहिरातीत बहुतेक वेळा समाजकार्य, समाजशास्त्र, मानसशास्त्र, विधी असे विषय नाव घेऊन दिलेले असतात. क्रिमिनॉलॉजी कुठे असतं, कुठे नसतं, आणि नसलं की कागदपत्र छाननीला टेबलवरचा माणूस बाजूला काढतो, तुम्ही किती समजावलं तरी. 'समकक्ष' शब्दावर भांडायला माझ्याकडे लोक येतात, निकाल लागेपर्यंत भरती संपलेली असते.

मी वकील आहे म्हणून माझ्या बाजूचं सांगणार हे धरूनच वाचा. रेणूताईंनी सांगितलेल्या त्याच ऑफिसात विधी तथा परिविक्षा अधिकारी पदाला एलएलबी लागते आणि मानधन २७,८०४, म्हणजे महिन्याला ९,००० पेक्षा जास्त फरक. एलएलबी तीन वर्षांची, सोलापुरातच होते, घरून डबा घेऊन जाता येतं. एमएच सीईटी लॉ देऊन कॅप राउंडमधून (केंद्रीय प्रवेश फेरीतून) प्रवेश झाला आणि घरचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असलं तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक कोर्सच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात २०२४-२५ पासून १००% माफी आहे, तुमचं कॉलेज आणि प्रवर्ग त्यात बसतो का ते महाडीबीटीवर बघून घ्या. ते काम नाही मिळालं तरी वकिलीची सनद हातात राहते, आणि पुढे सहायक सरकारी अभियोक्त्याची परीक्षा आहे.

उणी बाजू पण लिहितो. तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं. आणि वकिलीत पहिली दोन-तीन वर्षं सिनियरकडे काय मिळतं ते कोर्टाच्या आवारात चहा पिताना कुणालाही विचारा, कधी पाच हजार, कधी फक्त पेट्रोल. घरात दुसरा पगार असेल तरच ती वर्षं निघतात.

रेणू_होटगीरोड

वकील साहेब बरोबर बोलले. मला पण एका जिल्ह्यात छाननीत काढलं होतं. बीएला समाजशास्त्र होतं, त्या जाहिरातीत पदव्युत्तर पदवीचा विषय बघत होते. पदव्युत्तर क्रिमिनॉलॉजी, यादीत नाही, संपलं. सकाळी सहाची एसटी पकडून गेले होते, साडेअकराला परत स्टँडवर. दुसऱ्या जिल्ह्यात तेच सर्टिफिकेट चाललं.

मला आज कुणी बीएच्या शेवटच्या वर्षात परत नेऊन बसवलं तर मी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी करीन, सोलापुरातच होते. समाजकार्य विषय जवळपास प्रत्येक जाहिरातीत असतोच, आणि फील्डवर्क अभ्यासक्रमाचाच भाग असल्यामुळे निरीक्षणगृह, तुरुंग, समुपदेशन केंद्र इथे शिकतानाच पाय ठेवता येतो. सोबत इग्नूचा पीजी डिप्लोमा इन क्रिमिनल जस्टिस घरी बसून करता येतो. दोन्ही मिळून तुमच्या ६ लाखाच्या जवळपास पण जात नाही.

आणि क्रिमिनॉलॉजीच पाहिजे असेल तर सरकारी ठिकाणं बघा. मध्य प्रदेशात सागरच्या विद्यापीठात १९५९ पासून विभाग आहे, देशातला पहिला. मुंबईला टीआयएसएसमध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) समाजकार्यातच हा विषय १९५० च्या दशकापासून शिकवतात, तिथून समाजकार्याची पदवी मिळते त्यामुळे छाननीची अडचण येत नाही, प्रवेश सीयूईटी-पीजीतून, ती परीक्षा मार्चच्या सुमारास असते म्हणजे यंदाचं गेलं. आणि धारवाडला कर्नाटक विद्यापीठात पण विभाग आहे. आपल्याकडच्या लोकांना धारवाड परकं नाही, विजापूर-हुबळी करत गाडी जाते, आणि सोलापूरच्या पोरीला कन्नड अर्धं येतंच.

प्राध्यापकीची आवड असेल तर यूजीसी नेटमध्ये क्रिमिनॉलॉजी वेगळा विषय आहे, जेआरएफ (संशोधनाची शिष्यवृत्ती) मिळाली तर महिन्याला ३७,००० आणि सहायक प्राध्यापकाचा मूळ पगार ५७,७०० पासून. पण हा विषय शिकवणारे विभाग हाताच्या बोटावर मोजण्याएवढे आहेत, जागा त्याहून कमी. माझ्या बॅचच्या दोघींची नेट निघाली, दोघी आज तासिका तत्त्वावर आहेत, तेही समाजशास्त्राच्या विभागात.

आणि दादा, सहकर्जदाराचं एक राहिलं. हप्ता थकला की सिबिल दोघांचं बिघडतं. माझ्या वडिलांना त्यामुळे घराच्या स्लॅबला कर्ज मिळालं नाही, दोन पावसाळे पत्र्यावर काढले. मी ते अजून विसरले नाहीये. माझे शेवटचे १९ हप्ते राहिलेत.

खाकी_सातरस्ता

कर्ज काढायचंच ठरलं तर एक विचारून घ्या. तुमचं घरचं उत्पन्न वर्षाला ४ लाख २० हजार होतंय. साडेचार लाखाच्या आत असलं तर केंद्राची व्याज सवलत योजना आहे, हप्ता नसतो त्या काळातलं व्याज सरकार भरतं, पण कोर्स व्यावसायिक धरलेला पाहिजे आणि संस्थेला नॅकचं मानांकन वगैरे पाहिजे. हे बँकेकडनं लेखी घ्या. तोंडी 'होऊन जाईल' म्हणाले तर समजा झालेलं नाही.

दप्तर_अशोकचौक

नमस्कार. मी बहीण. दादाच्या मोबाईलवरून वाचत होते, आज स्वतःचा आयडी काढला. नाव रेणूताईंच्या पोस्टमधून घेतलंय, चालेल ना ताई.

वकील सरांनी सांगितलं तसं मी केलं. गेल्या दोन-तीन वर्षांतल्या वेगवेगळ्या जिल्ह्यांच्या १४ जाहिराती नेटवरून काढल्या, झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट मारली आणि अर्हतेच्या रकान्यात लाल पेनानं खुणा केल्या. समाजकार्य १४ पैकी १४ मध्ये आहे. मानसशास्त्र ९ मध्ये. क्रिमिनॉलॉजी ३ मध्ये. दादाला काही समजवावं लागलं नाही, जमिनीवर पसरून ठेवले ते कागद, त्यानंच मोजले.

मला थोडं वाईट वाटलं हे खरंय. त्या विद्यापीठाचं आयकार्ड, हॉस्टेल, खिडकीजवळचा बेड, सगळं मनात लावून झालं होतं. आज त्यांना फोन करून सीट सोडते म्हणून सांगितलं, ५,००० भरले होते ते परत मिळणार नाहीत म्हणाले. मैत्रिणीच्या भावाचा क्लास आहे, त्याच्या ऑफिसात सकाळची वेळ मिळतीय, म्हणून एमएसडब्ल्यूचा फॉर्म भरतेय आणि टीआयएसएससाठी पुढच्या मार्चची तयारी. त्यात झालं तर तिकडे जाईन, तेव्हा कर्ज लागलं तर दादा सही करतो म्हणालाय. एलएलबीचं मी बाजूला ठेवलंय पण पुसून टाकलं नाही.

एकच विचारायचं होतं रेणूताई. तो सामाजिक तपासणी अहवाल, त्याचा कोरा नमुना कुठे मिळेल का? गल्लीतल्या त्या पोराच्या घरी अजून कुणी आलेलं नाही आणि मंडळाची पुढची तारीख १९ आहे. त्याची आई रोज विचारते की साहेब आल्यावर काय काय सांगायचं.

रेणू_होटगीरोड

नमुना बाल न्याय नियमांमध्येच जोडलेला आहे, फॉर्म नंबर ६, महिला व बाल विकासच्या ऑफिसात मागितला तरी दाखवतील. तू भरायचा नाही, तो परिविक्षा अधिकाऱ्यांनी भरायचा असतो. पण वाचून घे, म्हणजे घरी काय विचारणार ते कळेल. शाळेचा दाखला, कुणी आजारी असेल तर केसपेपर, आई विडी वळते त्याचं कार्ड, हे सगळं एका पिशवीत काढून ठेवायला सांग. आणि पोरगा आधी कुठे कामाला जात होता ते लपवू नका म्हणावं, मालकाचं नाव सांगायला घाबरतात लोक, पण तेच त्याच्या बाजूनं जातं. १९ च्या आधी कुणी आलं नाही तर मला मेसेज कर, मी ऑफिसात कुणाला भेटायचं ते सांगते.

नाव चालेल.